सारण आधी, पीठ मागून

फिलिपिन्समध्ये गहू पिकत नाही म्हटलं तरी चालेल. भाताची खाचरं, नारळाची बनं आणि दरवर्षी येणारी वादळं अशा सात हजारांहून अधिक बेटांच्या या देशात पावाला लागणारा गहू जहाजांतूनच येतो, आणि अमेरिकी गव्हाच्या मोठ्या गिऱ्हाइकांत या देशाची गणना होते. तरीही तिथल्या गल्लीबोळांत 'पानादेर्या' असते, पाव भाजून तिथल्या तिथे विकणारं छोटं दुकान. सकाळी 'पानदेसाल' या साध्या पावासाठी गिऱ्हाइकं येतात, आणि दुपारी 'मेरिएन्दा'च्या, म्हणजे मधल्या खाण्याच्या वेळेला, काचेच्या कपाटात सारणाचे गोड पाव मांडलेले दिसतात. त्यांतले दोन सगळ्यांच्या ओळखीचे. 'पान दे कोको' हा गोल, जरा चपटा, पोटात खोबऱ्याचं गोड सारण असलेला. 'स्पॅनिश ब्रेड' हा लांबट गुंडाळलेला. आत लोणी, साखर आणि पावाच्या चुऱ्याचं सारण, आणि बाहेरूनही चुऱ्यात घोळवलेला. हे पाव घरी करायचे तर बहुतेक पाककृती पिठापासून सुरुवात करतात आणि सारण शेवटच्या चार ओळींत उरकतात. माझं म्हणणं असं, की हा क्रम उलटा आहे. या पावांचा इतिहास, त्यांचं अर्थकारण आणि भट्टीत त्यांचं जे काही होतं ते, तिन्ही सारणाभोवती फिरतं. पीठ त्या सारणाला सोयीचं करून घ्यायचं असतं. हे ध्यानात आलं की घरचा पाव सुधारतो, आणि परका वाटणारा हा पदार्थ मराठी स्वयंपाकघराच्या किती जवळचा आहे तेही कळतं.

गव्हाचा पाव या बेटांवर रुजला तो स्पॅनिश सत्तेबरोबर. १५६५ साली मिगेल लोपेस दे लेगास्पी सेबू बेटावर उतरला, १५७१ मध्ये मनिला राजधानी झाली आणि १८९८ पर्यंत ती सत्ता टिकली. कॅथलिक मिस्सेला गव्हाचाच पाव लागतो, त्यामुळे गव्हाची सोय लावणं हा धर्मकार्याचाच भाग होता. पण पाव हे तेव्हा मुख्यतः सत्ताधाऱ्यांचं आणि शहरी मंडळींचं खाणं होतं. बाकीच्या देशाचं पोट भातावर भरत होतं. १८९८ नंतर अमेरिकेचा अंमल आला, तिथलं स्वस्त पीठ मोठ्या प्रमाणावर येऊ लागलं आणि पाव सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. दुसऱ्या महायुद्धात, जपानी अंमलाखाली, हाच पुरवठा तुटला. तशा प्रसंगाची जाणीव असलेल्या मारिया ओरोसा या अन्नरसायनशास्त्रज्ञ बाईंनी त्याआधीच कसाव्यासारख्या देशी पिकांच्या पिठाचे प्रयोग केले होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्यांना मृत्यू आला. साडेचारशे वर्षांच्या या काळात पीठ ही कायम बाहेरून आणायची, दुसऱ्याच्या बाजारभावावर अवलंबून असलेली वस्तू राहिली. सारण मात्र नेहमी हाताशी होतं. नारळाच्या उत्पादनात फिलिपिन्स इंडोनेशियाच्या खालोखाल जगात दुसरा आहे (भारत तिसरा). नेग्रोस बेटावर उसाचे विस्तीर्ण मळे आहेत. खोबरं तपकिरी साखरेत आटवून केलेला 'बुकायो' ही तिथली घरगुती मिठाई, आणि पान दे कोकोच्या पोटात तीच शिरली.

स्पॅनिश ब्रेडचं सारण तर याहूनही बोलकं आहे. पानादेर्याचा धंदा बेताच्या नफ्यावर चालतो. पहाटे भाजलेला पाव संध्याकाळपर्यंत खपला नाही, तर महाग पिठाचे पैसे बुडाले. म्हणून उरलेला पाव वाळवायचा, भाजायचा, कुटायचा, त्यात लोणी किंवा मार्गारिन, साखर आणि दुधाची पावडर कालवायची आणि दुसऱ्या दिवशीच्या नव्या पिठात तो गुंडाळायचा. 'कलिहिम' किंवा 'पान दे रेगला' नावाचा भडक लाल सारणाचा पावही याच जातीचा. त्यात शिळा पाव दूध-साखरेत शिजवून पुडिंगसारखा करून भरतात. असं सारण स्वस्त असतं, एवढंच कारण असतं तर हे पाव केव्हाच मागे पडले असते. पण शिळ्या पावात एक गुण असतो जो ताज्यात नसतो. पाव शिळा होतो तेव्हा त्यातलं पाणी उडतं हे अर्धंच खरं. मुख्य बदल पिष्टात होतो. भाजताना फुगून मऊ झालेले पिष्टाचे रेणू थंड झाल्यावर पुन्हा रांगेत बसू लागतात, घट्ट होतात, आणि म्हणून हवाबंद डब्यातला पावसुद्धा कडक लागतो. असा पाव वाळवून कुटला की त्याचा कण लवकर लगदा होत नाही. भट्टीत लोणी वितळतं, साखरेचा पाक होतो, तेव्हा हे कण दोन्ही शोषून धरतात. चुरा नसता तर लोणी-साखरेचं ते मिश्रण पहिल्या पाच मिनिटांतच पावाच्या टोकांतून वाहून पत्र्यावर जळलं असतं. काटकसरीतून सुचलेली युक्ती तांत्रिकदृष्ट्याही अचूक निघाली, आणि या पावाबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीचा.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो फिलिपिन्समध्येही घेतला जातो. पाव परकीयांनी आणला, गहू आजही परका, नावंही स्पॅनिश. मग याला फिलिपिनो पदार्थ का म्हणायचं? तिथल्या खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासक डोरीन फर्नांडेझ (१९३४–२००२) यांनी या प्रश्नाला आयुष्यभराच्या लेखनातून उत्तर दिलं. बाहेरून आलेला पदार्थ देशी साहित्यातून, देशी चवीतून आणि देशी गरजेतून जात जात तिथलाच कसा होतो, ही त्यांची मध्यवर्ती मांडणी होती. सारणाच्या पावांना ती चपखल बसते. स्पेनमध्ये 'स्पॅनिश ब्रेड' या रूपात मिळत नाही. कॅरिबियन किनाऱ्यावर होंडुरासमध्येही पान दे कोको नावाचा पाव आहे, पण तिथे नारळाचं दूध पिठात जातं, पोटात काही नसतं. मायोर्का बेटावरचा 'एन्सायमादा' डुकराच्या चरबीचा, पापुद्र्याचा. मनिलात पोचेपर्यंत तो लोणी-अंड्यांचा मऊ पाव झाला आणि वरून साखर-चीज घेऊन बसला. गोव्याच्या वाचकाला हे नवं वाटायला नको. पोर्तुगीजांबरोबर आलेला पाव पोदेरांनी, म्हणजे तिथल्या पाववाल्यांनी, माडाच्या सुरेनं फुगवला, कोंड्याची पोई केली, आणि आज गोव्याची सकाळ पोदेराच्या भोंग्याशिवाय पूर्ण होत नाही. फिलिपिन्समध्येही माडाची ताडी, तिथली 'तुबा', 'बिबिन्का' या तांदळाच्या पदार्थाला फुगवण्यासाठी वापरली जात असे. दोन साम्राज्यांच्या दोन टोकांना, एकमेकांना न विचारता, माडानं एकच काम केलं.

तर घरी करताना सारणापासून सुरुवात करावी, आणि शक्य तर आदल्या दिवशी. पान दे कोकोसाठी अडीचशे ग्रॅम ओलं खोबरं, दीडशे ग्रॅम गूळ किंवा तपकिरी साखर आणि शंभर मिलिलिटर नारळाचं दाट दूध मंद आचेवर आटवायचं. चिमूटभर मीठ विसरू नये. उकडीच्या मोदकाचं सारण ज्याच्या हातानं झालं आहे त्याला ही कृती शिकवावी लागणार नाही; फरक एवढाच की मोदकाचं सारण थोडं ओलसर चालतं, पावाचं नाही. मोदक वाफेत पंधरा मिनिटांत शिजतो आणि त्याच्या पारीत फुगण्याची ताकद नसते. पाव मात्र ओव्हनमध्ये फुगतो आणि ओल्या सारणातली वाफ त्याला आतून ढकलते. परिणामी वरचं कवच घुमटासारखं उचललं जातं, सारण खाली बसतं आणि मध्ये पोकळी राहते. तळाशी सारणाची ओल पिठात उतरून कच्चट पट्टा राहतो तो वेगळाच. म्हणून सारण कढईची कड सोडेपर्यंत, चमचा मध्ये ओढला की वाट उघडी राहील इतकं आटवावं आणि पूर्ण गार करावं. गरम सारण भरलं तर दोन नुकसानं होतात: पिठातलं लोणी वितळून पारी लिबलिबीत होते, आणि साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरतं, म्हणजे सारणाला चिकटलेला पिठाचा थर फुगतच नाही. नारळाचं दूध काढल्यावर उरलेला चोथाही या सारणात खपतो. त्याला स्निग्धता कमी असते, पण चमचाभर लोण्यानं ती भरून निघते.

स्पॅनिश ब्रेडच्या सारणाला शिजवणं नाही. शंभर ग्रॅम शिळ्या पावाचा चुरा कोरडाच बदामी भाजून घ्यावा, गार झाल्यावर तितकंच मऊ लोणी, नव्वद ग्रॅम तपकिरी साखर, पंचवीस ग्रॅम दुधाची पावडर आणि मीठ कालवावं. मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोटानं मोडला की भुगा व्हावा, इतपत. विकतच्या डब्यातला मसालेदार चुरा इथे कामाचा नाही. आदल्या दिवसाचा लादीपाव उत्तम. त्याला स्वतःची आंबूस-गोड चव असते, ती सारणात उतरते.

पीठ आता या सारणांच्या मापानं ठरवायचं. ते मऊ हवं, कारण कडक पारी गोड सारणाबरोबर तोंडात जमत नाही. आणि तरीही ताणलं की फाटू नये, कारण फाटलं की सारण बाहेर. फिलिपिन्सच्या बाजारात पीठ वर्गवारीनं मिळतं, आणि पावासाठी जास्त प्रथिनांचं 'पहिल्या वर्गाचं' पीठ घेतात. आपला मैदा त्या मानानं मवाळ असतो, त्यामुळे त्याला मळण्याची मेहनत जास्त द्यावी लागते. पाचशे ग्रॅम मैदा, ऐंशी ग्रॅम साखर, सात-आठ ग्रॅम झटपट यीस्ट, आठ ग्रॅम मीठ, एक अंडं आणि सुमारे अडीचशे मिलिलिटर कोमट दूध एकत्र करावं; पीठ एकजीव झाल्यावर साठ ग्रॅम लोणी थोडं थोडं घालत तिंबावं. लोणी सुरुवातीलाच घातलं तर ते पिठाच्या कणांना वेढून बसतं आणि ग्लूटेनचं जाळं उशिरा धरतं. हातानं दहा-बारा मिनिटं तरी मळावं. लहानसा तुकडा दोन्ही हातांच्या बोटांत हलकेच ताणला आणि त्यातून उजेड दिसला, पण भोक पडलं नाही, तर झालं. इतक्या साखरेच्या पिठात यीस्ट हळू चालतं, कारण साखर पाणी ओढून घेते. तेव्हा पीठ दुप्पट व्हायला तास-दीड तास लागला तर घाबरून आणखी यीस्ट घालू नये. जास्त यीस्टचा दर्प नाजूक खोबऱ्यावर लगेच चढतो.

या पिठाचे वीस गोळे होतात. पान दे कोकोचा गोळा पुरणपोळीच्या उंड्यासारखा भरायचा, पण एका गोष्टीची काळजी घेऊन: पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ ठेवावी, म्हणजे कडा गोळा करून मिटल्यावर तळ आणि माथा सारख्या जाडीचे राहतात. मिटलेली बाजू खाली, तळहातानं हलकेच चपटा करावा आणि काट्यानं वर चार-सहा टोचे मारावेत. हे टोचे शोभेसाठी आहेत असं वाटतं, पण वाफेला वाट देणं हेच त्यांचं खरं काम. स्पॅनिश ब्रेडसाठी गोळा एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळता असा लाटावा, पंधरा ग्रॅम सारण पसरावं, निमुळत्या टोकाचं बोटभर अंतर कोरडं सोडावं आणि रुंद बाजूनं गुंडाळत यावं. ते कोरडं टोक चिकटून गुंडाळी बंद होते; त्यावर लोणी लागलं तर भाजताना ती उलगडते. मग चुऱ्यात घोळवून, टोक खाली ठेवून पुन्हा फुगू द्यावा. हा दुसरा फुगवा अर्ध्या-पाऊण तासात आटोपता घ्यावा. साध्या पावाला थोडा जास्त वेळ फुगवलेलं चालतं; सारणाच्या पावाला नाही, कारण अती फुगलेली पारी सारणाचं वजन पेलत नाही. एकशे पंचाहत्तर ते एकशे ऐंशी अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं पुरतात. याहून जास्त तापमान ठेवलं तर वरून रंग येतो आणि सारणालगत पीठ कच्चं राहतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. फिलिपिनो घरांत पाव भाजण्याची परंपरा मुळात थोडी. ओव्हन सर्वांकडे नसे, आणि कोपऱ्यावर पानादेर्या असताना घरी खटाटोप करण्याचं कारणही नसे. जुन्या पानादेर्यांत 'पुगोन' ही लाकडावर तापणारी विटांची भट्टी असायची, तिची उष्णता आणि धुराचा हलका वास घरच्या ओव्हनला येणार नाही. हे सगळं मान्य. पानदेसालच्या बाबतीत मी हा आक्षेप पूर्णपणे स्वीकारेन: त्याचं सगळं वैभव कवचात आणि भट्टीतून निघाल्या निघाल्या खाण्यात आहे. सारणाच्या पावांना मात्र भट्टीचा तितका आधार लागत नाही. ते मंद आचेवर, मऊ कवचाचे व्हायचे असतात, आणि घरच्या छोट्या ओव्हनला नेमकं तेच जमतं. उलट दुकान जिथे हात आखडतं तिथेच घर मोकळं असतं: ताजं खोबरं, खरं लोणी, पुरेसं सारण. २०२० च्या टाळेबंदीत फिलिपिन्समधल्या असंख्य घरांत पाव भाजणं सुरू झालं आणि उबे-चीज पानदेसाल हा जांभळा, पोटात चीज आणि उबे या जांभळ्या कंदाचा गोड लगदा असलेला पाव घराघरांतून विकला जाऊ लागला. साध्या पानदेसालपेक्षा सारणाचा हा नवा अवतार त्या काळात गाजला, यात मला माझ्या म्हणण्याला पुरावा दिसतो. दुबई, दोहा, सिंगापूर अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी माणसांना हे पाव फिलिपिनो बेकऱ्यांत सहज मिळतील. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना ते घरीच करावे लागतील.

उब्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तो नुसत्या इसेन्सनं आणि रंगानं करण्याची पद्धत बोकाळली आहे. उबे म्हणजे 'डायोस्कोरिया अलाटा', आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं हेच आपलं कोनफळ. ठाणे, पालघर, मुंबईच्या बाजारांत थंडीत जांभळ्या गराचं कोनफळ मिळतं, उंधियूत जातं, त्याचे काप होतात. तेच उकडून, किसून, दूध, साखर आणि लोण्यात घोटत आटवलं की उब्याचा 'हालाया' तयार होतो. बाटलीतल्या अर्कापेक्षा त्याचा रंग फिका असेल. पण त्याला कंदाची मातकट, किंचित दाण्यासारखी चव असते, जी अर्कात कधीच नसते. त्यातलं जांभळं रंगद्रव्य अँथोसायनिन जातीचं आहे. पिठात खायचा सोडा पडला तर ते निळसर-हिरवं होतं, म्हणून या पावात यीस्टशिवाय दुसरं काही फुगवणारं घालू नये. खोबऱ्यासारखंच हे सारणही पुरतं आटलं पाहिजे. चीज आणि परदेशी लोणी घालून पाव 'उंची' करण्याची हौस समजू शकते, एन्सायमादासारख्या सणाच्या पावाला ती शोभतेही. पण स्पॅनिश ब्रेडमध्ये चीजचा खारटपणा भाजक्या चुऱ्याची चव गिळून टाकतो, आणि ज्या गोष्टीसाठी तो पाव आहे तीच नाहीशी होते.

राहिला तब्येतीचा आक्षेप, आणि तो खोटा नाही. वरच्या मापानं हिशेब केला तर एका स्पॅनिश ब्रेडमध्ये सुमारे २१५ किलोकॅलरी येतात, आणि त्यातला बराचसा भाग मैदा, साखर, लोण्याचा. खोबऱ्याचा पावही फार मागे नाही. गूळ घातल्यानं उष्मांक कमी होत नाहीत. मैद्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत कणीक घालता येते. त्यापुढे कोंड्याचे कण ग्लूटेनचं जाळं कापतात आणि पारी फाटू लागते. पिठातली साखर ऐंशीवरून पन्नास ग्रॅमवर आणली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही, उलट यीस्ट जोमानं चालेल. सारणातली साखर मात्र सांभाळून कमी करावी. खोबऱ्यात ती पाणी बांधून ठेवते, फार कमी केली तर सारण लवकर आंबतं. कोकणच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत ओल्या खोबऱ्याचा पाव तसाही दुसऱ्या दिवसापुढे बाहेर ठेवू नये. माझ्या मते पुढचं पाऊल माप बदलण्याचं आहे: वीसऐवजी तीस गोळे करावेत, प्रत्येकी तीस-बत्तीस ग्रॅमचे, आणि सारणही त्याच प्रमाणात कमी. पाव लहान झाला की भाजण्याचा वेळ बारा-तेरा मिनिटांवर येतो, सारण आणि पारी एकाच वेळी शिजतात, मधली पोकळीही कमी होते.